दारफाळणीचा उपास

उपास म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतल्या मनुष्यास समजावून सांगावें लागत नाहीं. एकादशी आहे, महाशिवरात्र आहे, श्रावणी सोमवार आहेत. मुसलमान बंधूंचे रोजे आहेत, जैनांचें पर्युषण आहे. याच मालिकेंतला आणखी एक उपास कोंकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आहे. परंतु तो बंद दाराआड पाळला जात असल्यामुळें शेजाऱ्यांना त्याची माहिती बेताचीच असते. तो म्हणजे आम्हां बेने इस्रायल लोकांचा दारफाळणीचा उपास. जगांतले इतर यहुदी लोक या दिवसास योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, असें म्हणतात. हा उपास मनोभावें, परंतु जिवास अपाय होऊं न देतां कसा पाळावा, याविषयीं चार शब्द सांगण्याचें मीं आज योजिलें आहे. मी कांहीं वैद्य नव्हें, कीं धर्मशास्त्री नव्हें. उभा जन्म मुलें शिकविण्यांत गेला. तेव्हां शास्त्रकारांनीं आणि डॉक्टरांनीं जें सांगून ठेविलें आहे, तें सुबोध करून मांडावें, एवढेंच माझें काम.

प्रथम नांवाविषयीं. आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळ नौगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी आमची परंपरा सांगते. पुढें ते गांवोगांव पसरले, तेलाचा घाणा चालवूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जाऊं लागले. हातीं धर्मग्रंथ राहिले नाहींत, हिब्रू भाषेचाहि विसर पडला. तरी हा उपास मात्र ते विसरले नाहींत. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेला आमच्या समाजाचा इतिहास १९३७ सालीं तेल अवीव येथें छापून निघाला. आमच्या जुन्या सणांची आणि त्यांच्या मराठी नांवांची हकीकत त्यांत आली आहे. या दिवशीं लोक स्नान करून, शुभ्र वस्त्रें नेसून, घराचीं दारें लावून घेत आणि उपाशीं राहून देवाचें चिंतन करीत. म्हणून ही दारफाळणी. दुसऱ्या दिवसास शिळा सण म्हणत. त्या दिवशीं दारें उघडावयाचीं, गोरगरिबांस दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांस भेटावयाचें. नवल असें कीं, योम किप्पूरच्या दिवशीं सूर्यास्ताच्या सुमारास जी शेवटची प्रार्थना होते, तिचें हिब्रू नांव नेईला, आणि त्याचा अर्थहि दारें लागण्याची वेळ असाच आहे. भाषा विसरली, पण अर्थ मराठींत जिवंत राहिला, असें मला वाटतें.

आतां उपासाचें स्वरूप पाहूं. यहुदी पंचांगांतील तिश्री महिन्याच्या दहाव्या तिथीस हा दिवस येतो. तो आपल्या भाद्रपद किंवा आश्विन शुद्ध दशमीच्या आसपास पडतो. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही सालीं तर दसरा आणि दारफाळणी एकाच दिवशीं आलीं. उपास आदल्या संध्याकाळीं सूर्यास्तापूर्वीं सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीं चांदण्या दिसूं लागल्यावर सुटतो. म्हणजे सुमारें पंचवीस तास. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण येथें लागू पडत नाहीं. साबुदाण्याची खिचडी नाहीं, वऱ्याचे तांदूळ नाहींत, फळ नाहीं, पाण्याचा थेंबहि नाहीं. यांखेरीज सुखासाठीं स्नान करणें, तेल-अत्तर लावणें, चामड्याचे जोडे घालणें आणि स्त्रीपुरुषांचा समागम, हींहि वर्ज्य आहेत. मोशेच्या तिसऱ्या पुस्तकांत हा नियम दिला आहे. वर्षांत यहुद्यांचे दुसरेहि उपास आहेत. त्यांपैकीं आब महिन्याच्या नवमीचा, ज्यास आमच्याकडे बिरड्याचा सण म्हणतात, तोहि संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो. बाकीचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे. परंतु या सर्वांत श्रेष्ठ दारफाळणीच. शब्बाथाच्या दिवशीं आला तरी पुढें ढकलला जात नाहीं असा उपास हाच एक.

इतका कडक नियम ज्यांनीं घालून दिला, ते माणसाच्या जिवाविषयीं बेफिकीर होते काय? मुळींच नाहीं, आणि आज मला मुख्यत्वें हेंच सांगावयाचें आहे. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं मिश्ना नांवाचा जो धर्मशास्त्राचा संग्रह तयार झाला, त्यांत या दिवसावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायांत उपासाचे नियम आहेत, आणि त्यांना लागूनच उपास सोडण्याचेहि नियम आहेत. गर्भवतीस अन्नाच्या वासानें जीव घाबरा झाला, तर तिला बरें वाटेपर्यंत खाऊं घालावें. आजाऱ्यास जाणत्यांच्या सांगण्यावरून खावयास द्यावें. जाणता जवळ नसेल, तर त्याच्या स्वतःच्या शब्दावरून द्यावें. भुकेनें एखाद्याची शुद्ध हरपूं लागली, तर निषिद्ध अन्नहि देऊन प्रथम त्याच्या डोळ्यांत तेज आणावें. जिवास धोका आहे कीं नाहीं अशी शंका असली, तरी त्या शंकेचा निकाल जिवाच्या बाजूनें लावावा. पुढें तालमूद ग्रंथांत तर असें ठरविलें आहे कीं, वैद्य म्हणतो अन्नाची गरज नाहीं आणि रोगी म्हणतो आहे, तर अशा वेळीं रोग्याचें ऐकावें. कारण आपल्या जिवाची व्यथा ज्याची त्यासच ठाऊक. देवाचे नियम माणसानें जगण्यासाठीं दिले, मरण्यासाठीं नव्हेत, असा याचा आधार शास्त्रकार सांगतात.

या तत्त्वाची कसोटी १८४८ सालीं लागली. त्या वर्षीं पूर्व युरोपांतील विल्ना शहरांत पटकीची साथ होती आणि नेमका योम किप्पूर आला. तेथील थोर धर्मगुरु इस्रायल सॅलँटर यांनीं, लोकांनीं उपास करूं नये असें जाहीर करविलें. त्यांनीं स्वतः प्रार्थनामंदिरांत सर्वांदेखत अन्न घेतलें, अशीहि कथा सांगतात. तिच्या तपशिलांत पाठभेद आहेत, पण आशय एकच आहे. ब्रिस्क येथील विद्वान धर्मगुरु हाईम सोलोवेचिक, जे १९१८ सालीं वारले, ते आजाऱ्यांस उपास सोडावयास लगेच सांगत. याविषयीं कोणी कुरकुर केली तेव्हां ते म्हणाले म्हणे कीं, उपासाच्या बाबतींत मी सैल नाहीं. जीव वांचविण्याच्या बाबतींत मी कडक आहें.

हें सारें इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें. उपास आपल्यानें होणार नाहीं असें ज्यांना डॉक्टर सांगतात, त्यांतले पुष्कळ जण, आणि विशेषतः वडीलधारीं माणसें, तो चोरून करतात. आमच्या नात्यांतल्या एका वृद्ध बाईस मधुमेह होता. डॉक्टरांनीं उपासाची मनाई केली. त्या दिवशीं पेजेची वाटी पुढें घेऊन ती माउली रडत बसली. सत्तर वर्षांचा नेम मोडला असें तिला वाटे. आमच्या प्रार्थनामंदिराचे हझान, म्हणजे उपासना चालविणारे गृहस्थ, तिला म्हणाले, “आजी, ज्यानें उपास सांगितला, त्यानेंच तुम्हांला पेज सांगितली आहे. इतकीं वर्षें त्याचें ऐकलेंत, मग आजच कां ऐकत नाहीं?” तिनें डोळे पुसले, अन्नावरची प्रार्थना म्हटली आणि पेज घेतली. श्रोतेहो, त्या दिवशीं तिचा नेम मोडला नाहीं, तो पुरा झाला.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांना मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा अंगावर पाजीत आहेत, ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, ज्यांना पूर्वीं अन्न नकोसें होण्याचा मानसिक आजार होऊन गेला आहे, अथवा जे रोज ठरावीक वेळीं औषध घेतात, त्यांनीं निदान दोनतीन आठवडे आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. विचारतांना ‘उपास करूं का?’ एवढेंच म्हणूं नये. पंचवीस तास पाणीहि वर्ज्य आहे, असें स्पष्ट सांगावें. नाहीं तर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढें एकादशीच उभी राहते. इन्सुलिन टोंचून घेणाऱ्यांची आणि कांहीं गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपासांत एकदम उतरते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या उपासांत चालू ठेवल्यास रक्तांत आम्लता वाढण्याचा धोका असतो. म्हणून मात्रा बदलावयाची ती डॉक्टरांनीं, आपण नव्हे. आणि जरूरीचें औषध उपासापायीं टाकूं नये. बाळंतिणीस पहिले तीन दिवस उपास नाहींच, असा शास्त्राचा स्पष्ट नियम आहे. पुढें सातव्या दिवसापर्यंत तिनें मागितल्यास तिला अन्न द्यावें.

ज्यांना अजिबात उपाशीं राहतां येत नाहीं, परंतु थोडें थोडें घेऊन निभावतें, त्यांच्यासाठीं शास्त्रकारांनीं एक मधला मार्ग काढून ठेविला आहे. मोठ्या खजुराएवढ्याहून कमी अन्न आणि एका गालांत मावेल त्याहून कमी पाणी एका वेळीं घ्यावें, आणि मध्यें कांहीं काळ जाऊं द्यावा. आजचे धर्मगुरु याचा हिशेब साधारणपणें असा सांगतात: अन्न सुमारें ३० मिलिलिटरच्या आंत, पाणी सुमारें ४० मिलिलिटरच्या आंत, आणि दोन वेळांमध्यें सुमारें नऊ मिनिटें. औषधाचा खुणांचा पेला आदल्या दिवशींच काढून ठेवावा आणि डॉक्टर म्हणत असतील तर उपासाच्या आरंभापासूनच या रीतीनें घ्यावें. मात्र एवढ्यानें भागत नसेल, तर मापाच्या मागें न लागतां नेहमींसारखें खावें.

प्रकृति निकोप आहे त्यांनींहि पूर्वतयारी केली पाहिजे. उपासाच्या आदल्या दिवशीं, म्हणजे नवमीस, जो नीट खातो-पितो, त्यास नवमी आणि दशमी या दोन्ही दिवशीं उपास केल्याचें पुण्य लागतें, असें तालमूदांत म्हटलें आहे. म्हणजे आदल्या दिवसाचें जेवण हेंहि व्रताचेंच अंग. आपल्याकडे चहाचें व्यसन घरोघर. तो एकाएकीं बंद झाला म्हणजे दुपारीं डोकें उठतें आणि दोष मात्र उपासास लागतो. यासाठीं आठवडाभर आधींपासून रोज थोडा थोडा चहा कमी करीत जावें. आदल्या दिवशीं सकाळपासून थोडें थोडें पाणी पीत राहावें. सूर्यास्ताच्या तोंडावर तांब्याभर पाणी एकदम ढोसण्यांत अर्थ नाहीं. शेवटच्या जेवणांत भात किंवा पोळी, वरण, भाजी, माशाचें साधें कालवण, एखादें फळ असावें. लोणचें, पापड, सुकें खारवलेलें, तिखट आणि तळकट हीं टाळावीं. त्यांनीं तहान वाढते. पोटास तडस लागेपर्यंत जेवूं नये.

प्रत्यक्ष उपासाच्या दिवशीं उन्हांत फिरूं नये. आपल्याकडे त्या दिवसांत आश्विनाची उष्मा असते. प्रार्थना दिवसभर चालते आणि पुष्कळ वेळ उभें राहावें लागतें. चक्कर आल्यासारखें वाटलें, तर लाजूं नये, बसून घ्यावें. प्रार्थनामंदिरापर्यंत गेल्यानें उपास पार पडणार नाहीं अशी स्थिति असेल, तर घरीं निजून राहावें. उपास हें मूळ कर्तव्य आहे, मंदिरांत जाणें त्याच्या मागून येतें. परंतु पुढील लक्षणें दिसलीं तर उपास तत्काळ सोडावा: दरदरून घाम सुटून हातपाय कांपूं लागणें, बोलण्यांत गोंधळ होणें, घेरी येणें, छातींत दुखणें, लघवी जवळजवळ बंद होणें, किंवा गर्भवतीस मुलाची हालचाल कमी भासणें. मधुमेह्याची साखर ७० च्या खालीं उतरली, तर कोणास विचारीत बसूं नये. शुद्धीवर असेल तर साखरेचें पाणी द्यावें आणि डॉक्टरांस बोलवावें. शुद्ध गेली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां तडक इस्पितळांत न्यावें.

संध्याकाळीं शोफार, म्हणजे मेंढ्याचें शिंग, फुंकलें जातें आणि दिवस संपतो. तेव्हां ताटावर तुटून पडूं नये. आमच्या घरीं मनुकांचें सरबत करण्याची चाल आहे. तें आणि पाणी घोटघोट घ्यावें, थोडा वेळ थांबावें, मग मऊ अन्न घ्यावें. मधुमेह्यांनीं सरबताच्या वाटेस न जातां पाणी आणि साधें अन्न घ्यावें.

मुलांविषयीं एक शब्द. शाळेंत मीं पाहिलें आहे कीं, उपासाची मुलांमध्यें चढाओढ लागते. कोणी किती वेळ तग धरली याची फुशारकी चालते. मिश्नेचा नियम असा कीं, लहान मुलांस उपास घडवूं नये. वयांत येण्यापूर्वीं एकदोन वर्षें थोडी थोडी संवय लावावी. नाश्ता तासाभरानें पुढें ढकलणें एवढें पहिल्या वर्षीं पुरे. मुलास उपाशीं राहण्याचा अभिमान शिकविण्याऐवजीं, त्या दिवशीं कोणाची क्षमा मागावयाची तें शिकवावें.

आणि यावरून उपासाच्या गाभ्याकडे येतों. देवाविरुद्ध जो अपराध झाला, त्याचें प्रायश्चित्त हा दिवस करतो. परंतु माणसानें माणसाविरुद्ध जो अपराध केला, त्याचें प्रायश्चित्त, त्या माणसाची समजूत घातल्यावांचून, हा दिवसहि करूं शकत नाहीं. हाहि मिश्नेचाच नियम. म्हणून उपासापूर्वींचे दिवस रुसवे काढण्याचे. भावाशीं वाटणीवरून अबोला असेल, सुनेला टोंचून बोललें गेलें असेल, नोकराचा पगार थकला असेल, तर तें आधीं निस्तरावें. एकदां जाऊन समजूत पटली नाहीं, तर तीनदां जावें, असें शास्त्र सांगतें. पंचवीस तास पाणी न पिणें यापेक्षां हें पुष्कळांस अवघड वाटतें, असा माझा अनुभव आहे.

त्या दिवशीं सकाळीं यशया संदेष्ट्याचें जें वचन वाचतात, त्यांत भुकेल्यास आपल्यांतली भाकर देणें आणि उघड्यास वस्त्र देणें हाच खरा उपास, असा आशय आहे. दुपारीं योनाचें पुस्तक वाचतात. निनवे नगराच्या लोकांनीं गोणपाट नेसून उपास केला, गुरांनाहि उपाशीं ठेविलें, आणि देवानें त्या नगरास क्षमा केली. मिश्नेंत एक वडील मनुष्य लोकांस याचें मर्म सांगतो: देवानें त्यांचें गोणपाट पाहिलें, त्यांचा उपास पाहिला, असें तेथें लिहिलेलें नाहीं, त्यांचीं कृत्यें पाहिलीं, ते वाईट मार्गापासून फिरले हें पाहिलें, असें लिहिलें आहे. याहून सोपा खुलासा मला ठाऊक नाहीं. जो आजारीपणामुळें खातो, त्यासहि क्षमा मागतां येते, दान देतां येतें, वाईट मार्ग सोडतां येतो. म्हणजे दिवसाचा मोठा वांटा त्याच्यापासून कोणीच हिरावून घेतलेला नाहीं.

यहुदी पंचांगकारांचीहि एक युक्ति येथें सांगण्याजोगी आहे. योम किप्पूर शुक्रवारीं किंवा रविवारीं कधींच येऊं नये, अशी योजना त्यांनीं पंचांगांत करून ठेविली. कारण शनिवार हा शब्बाथ. दोन बंदीचे दिवस लागोपाठ आले, तर भाजीपाला सुकून जातो आणि मृतास मूठमाती देण्यास विलंब लागतो. तिथि ठरवितांना ज्यांनीं भाजीच्या जुडीचा विचार केला, ते माणसाच्या जिवाचा विचार केल्यावांचून कसे राहतील?

शेवटीं एक चिंता बोलून दाखवितों. पूर्वींच्या घरांत दार लागलें तरी आंत दहापंधरा माणसें असत. १९४८ नंतर आमच्यापैकीं बहुतेक कुटुंबें इस्रायलमध्यें गेलीं. आज भारतांत उरलेला समाज कांहीं हजारांचा. ठाण्यासारख्या शहरांत एखाद्या सदनिकेंत वृद्ध मनुष्य एकटाच राहतो, मुलें परदेशीं असतात, दूरध्वनीहि त्या दिवशीं उचलावयाचा नाहीं. अशा घरीं दार लागलें आणि आंत घेरी आली, तर कळावें कोणास? म्हणून वडील मंडळींस माझी विनंति आहे: दार लावा, पण कडी लावूं नका. एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्या, आपलीं औषधें कोठें आहेत तें सांगून ठेवा, आणि शक्य तर त्या दिवशीं कोणाच्या तरी सोबतीनें राहा. शेजाऱ्यांस विनंति अशी कीं, दसरा त्याच दिवशीं आला तर आपट्याचें सोनें आणि श्रीखंडाची वाटी दुसऱ्या दिवशीं आणावी. तो आमचा शिळा सण, दारें उघडण्याचा. पण सकाळसंध्याकाळ एकदां दारावर टकटक करून ‘आजोबा, बरे आहांत ना?’ एवढें मात्र अवश्य विचारावें. त्यानें कोणाचा उपास मोडत नाहीं.